आधी संख्या ओळखू, मग वाटा मागू

आंबेडकरी चळवळीइतके आकडे दुसऱ्या कुठल्या चळवळीत बोलले जात नसतील. पंधरा आणि पंच्याऐंशी, तेरा टक्के, सात टक्के, बावन्न टक्के, पन्नास टक्क्यांची मर्यादा, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. आपल्या कोणत्याही सभेत पहिल्या दहा मिनिटांत टक्केवारी येतेच. पण त्याच सभेत मागे बसलेल्या मुलाला '८० चे साडेसात टक्के किती?' असे विचारा. तो मान खाली घालतो. आणि खरे सांगायचे तर मंचावरचेही काहीजण खिशातला मोबाईल चाचपतात. हक्काची मागणी आकड्यांत मांडणाऱ्या समाजाच्या मुलांना आकड्यांचीच धास्ती वाटावी, हे आपण किती दिवस झाकून ठेवणार आहोत?

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत काम करतो. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की त्याच सतरंजीवर अभ्यासवर्ग बसतो. एका बाजूला पाचवीची मुले नवोदयच्या परीक्षेची तयारी करतात. दुसऱ्या बाजूला पोलीस भरती, तलाठी भरती आणि सीईटी देणारी मोठी मुले-मुली असतात, आणि तीच लहानांना शिकवतातही. वर्गात बौद्ध वस्तीतली मुले जास्त. पण मातंग वस्तीतली आहेत, आणि घोडेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवरून येणारी महादेव कोळी आणि ठाकर मुलेही आहेत. वय वेगळे, परीक्षा वेगळ्या. तरी दोन्ही गटांचा पहिला धडा आम्ही एकच ठेवला आहे : संख्या आणि संख्यांचे प्रकार.

पदवी झालेल्या मुलांना हे सुरुवातीला अपमानास्पद वाटते. "दादा, आम्हाला टक्केवारी, शेकडेवारी, काळ-काम-वेग शिकवा. सम-विषम काय शिकवता?" असे म्हणतात. आम्ही फळ्यावर चार प्रश्न लिहितो. शून्य सम की विषम? एक ही मूळ संख्या आहे का? ०.५ मोठा की ०.४५? पाऊण भागिले पाव किती? चारही बरोबर सोडवणारे पहिल्या दिवशी फार थोडे निघतात. घर बांधताना पाया तपासायला कुणी लाजत नाही, मग इथे लाज कसली?

आधी परीक्षेचे स्वरूप सांगतो, कारण आपल्या अनेक वस्त्यांत ते माहीतच नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर नवोदय विद्यालये आली. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे. सहावी ते बारावी राहणे, जेवण, शिक्षण तिथे होते. नववीपासून काही मुलांना मासिक विकास निधी भरावा लागतो; पण अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि सर्व मुलींना तो माफ आहे. प्रवेश ८० मुलांना. प्रश्नपत्रिका मराठीत सोडवता येते. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २०, भाषेचे २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत असताना हुकली की हुकली.

आता याच माहितीतून पहिले गणित तयार होते. ८० प्रश्नांना १०० गुण, म्हणजे एका प्रश्नाला किती? सव्वा. ८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला किती वेळ? दीड मिनिट. सव्वा आणि दीड हे शब्द मुलांना घरातून येतात. सव्वा किलो कांदे, दीड तास, पावणेतीनची एसटी. पण तेच फळ्यावर १.२५ किंवा ५/४ असे लिहिले की मुले गप्प होतात. जे तोंडात आहे ते डोळ्यांना ओळखू येत नाही. आमचे निम्मे काम या दोन टोकांना जोडण्याचे आहे.

शून्याचा प्रश्न एका पाचवीतल्या मुलीने सोडवला, आणि तिच्याच पद्धतीने आम्ही आता तो शिकवतो. सम संख्या म्हणजे दोघांत सारखी वाटता येणारी, हे तिला माहीत होते. आम्ही विचारले, "मग शून्य भाकरी दोघांत वाटल्या तर?" ती म्हणाली, "दोघंपण उपाशी. म्हंजे सारखंच की." वर्ग हसला. पण उत्तर पक्के झाले : शून्य सम आहे.

मूळ संख्या शिकवायला आम्ही खडे वापरतो. बारा खडे घ्या आणि सारख्या रांगा करा. दोन रांगा सहा-सहाच्या, तीन रांगा चार-चारच्या. आता तेरा खडे घ्या. कितीही खटपट केली तरी एकच लांब रांग होते. ज्या संख्येला नेमके दोनच विभाजक असतात, एक आणि ती स्वतः, ती मूळ संख्या. मग एक ही मूळ का नाही? कारण तिला विभाजक एकच आहे. ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. दोन ही एकमेव सम मूळ संख्या. मग मुले १ ते १०० चा तक्ता करतात, दोनच्या, तीनच्या, पाचच्या, सातच्या पटी खोडतात, आणि एक वगळला की बरोबर २५ संख्या उरतात. त्यांतल्या दोनच्या फरकाच्या, ३ व ५ पासून ७१ व ७३ पर्यंत, आठ जोड्या निघतात. त्या जोडमूळ संख्या. यासाठी खडू आणि खडे सोडून काही लागत नाही. पुण्यातल्या क्लासला हजारो रुपये भरून जे मिळते त्यातला हा भाग वस्तीवर फुकट होतो.

विभाजक शिकवायला खोडदची अँटेनाही कामाला येते. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी आणि १६ तीन बाहूंवर पसरलेल्या. आपल्या मुलांनी त्या रस्त्यावरून जाताना पाहिलेल्या असतात. ३० चे विभाजक किती? १४ आणि १६ चा मसावि किती? असे प्रश्न घातले की जगभरचे शास्त्रज्ञ जिथे येतात ती जागा आपल्याच तालुक्यात आहे, आणि तिथेही हेच आकडे चालतात, हे मुलांच्या ध्यानात येते.

एक अडचण मराठीची म्हणून आहे. ७९ ला आपण एकोणऐंशी म्हणतो. लिहिताना सात आधी, बोलताना ऐंशीला एक उणे. ७९ ऐकले की मूल ८९ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला आली, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाईंना खुलासे करावे लागले. टिंगल करणारे बहुतेक ज्यांच्या घरात पाढे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जातात त्यांतले होते. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत गेले आहे, किंवा ज्या वाडीवरची बोली पुस्तकापेक्षा वेगळी आहे, तिथल्या मुलाला ही अडचण किती मोठी आहे हे त्यांना कसे कळणार? आम्ही दोन्ही पद्धती शिकवतो. सत्तर नऊ म्हटले की लिहायला सोपे, एकोणऐंशी म्हटले की बाजारात सोपे. मुलाला दोन्ही यायला हवे.

'गणित आपल्या लोकांना जमत नाही' हे वाक्य आम्ही दोन्ही तालुक्यांत ऐकले आहे. कधी शिक्षकाच्या तोंडून, कधी पालकाच्या. पालक म्हणतो तेव्हा जास्त दुखते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने या वाक्याकडे स्वभाव म्हणून बघू नये, इतिहास म्हणून बघावे. जुन्या गावठी शाळेत पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत असे. त्या शाळेत कोण बसत होते? कुलकर्ण्याची मुले, सावकाराची मुले. कारण दप्तर त्यांचे आणि वहीही त्यांची. ज्यांच्या नावावर कर्ज मांडले जायचे त्यांना ती वही वाचता येत नव्हती. १२ मे १८७५ ला याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा राग मुख्यतः सावकारांच्या दस्तऐवजांवर आणि वह्यांवर निघाला. त्यांनी कर्जखते हिसकावली आणि जाळली. वाचता न येणाऱ्या हिशोबाशी लढण्याचा त्यांना तेवढाच मार्ग उरला होता. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब हवा असे त्यांनी सांगितले, आणि शेतीचे ज्ञानही मागितले. सत्यशोधकांना हिशोब का हवा होता हे सुप्याच्या पार्श्वभूमीवर समजते.

ऋण संख्या शिकवताना आम्ही हेच सांगतो. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम मांडले. त्याचे शब्द आपण आजही वापरतो : धन आणि ऋण. ऋण म्हणजे कर्ज. मोठ्या गटातल्या मुलांना 'उणे पाच अधिक तीन' कळत नाही, पण 'पाचशे देणे होते, तीनशे फेडले' लगेच कळते. आपल्या घरांना ऋण संख्या कधीच परकी नव्हती. परका होता तो कागद.

मग कुणीतरी विचारतेच, 'शून्याचा शोध बौद्धांनी लावला ना?' शून्यता हा नागार्जुनाच्या तत्त्वज्ञानाचा गाभा आहे हे खरे. पण तत्त्वज्ञानातले शून्य आणि स्थानिक किमतीतले शून्य एकाच उगमाचे आहेत असे ठामपणे सांगायला पुरावा लागतो. कालाम सुत्ताचा दाखला देणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आले म्हणून मानू नये. आपल्याला खोट्या अभिमानाची गरज नाही. खरे सांगण्यासारखे जुन्नरच्या डोंगरातच पुष्कळ आहे.

नाणेघाट आपल्या तालुक्यात आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. भारतातल्या सर्वात जुन्या कोरीव अंकांपैकी काही त्या भिंतीवर आहेत. आम्ही मुलांना तिथे नेतो. एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन. शून्य नाही. दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, शंभरला वेगळे, हजाराला वेगळे. चोवीस हजार चारशे ही संख्या तिथे तीन जोडचिन्हांनी लिहिली आहे : वीस हजारांचे एक, चार हजारांचे एक, चारशेचे एक. मुलांना तिथे उभे करून विचारले की 'आज आपल्याला २४,४०० लिहायला किती अंक लागतात आणि शून्य नसते तर काय झाले असते?' तर स्थानिक किंमत हा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

पण हे अंक कशाचे आहेत? यज्ञांच्या दक्षिणेचे. इतक्या हजार गाई, इतके घोडे, इतके कार्षापण पुरोहितांना दिले, याची ती यादी आहे. आता तिथून जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांकडे या. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी. इथली बहुतेक लेणी बौद्ध आहेत. लेण्याद्रीच्या ज्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे देऊळ आहे तेही मुळात विहारच. इथल्या शिलालेखांत दाते कोण आहेत? धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी, जिने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कल्याणच्या सोनाराचा मुलगा. यवन. एक शक उपासक, ज्याने दोन ठिकाणची वीस आणि नऊ निवर्तने जमीन दिली. आणि एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेचा मासिक हिशोब आहे : एकीकडे पावणेदोन, दुसरीकडे पाव.

हे वाचताना आम्ही थांबतो. पावणेदोन! आमच्या वर्गातले मूल जिथे अडखळते तोच अपूर्णांक. आणि तो लिहिला गेला बांबू विणणाऱ्यांच्या नावापुढे, ज्यांना पुढे जातिव्यवस्थेने खाली ढकलले. त्या काळात त्यांची श्रेणी ठेवी सांभाळत होती, व्याज मोजत होती, आणि भिक्खुसंघाचा त्यांच्या हिशोबावर भरवसा होता. नाणेघाटातली दक्षिणा एकदा दिली की संपली. श्रेणीकडची ठेव दरमहा व्याज देत राहिली. 'गणित आपल्या लोकांना जमत नाही' म्हणणाऱ्याला आम्ही जुन्नरच्या डोंगराकडे बोट दाखवतो.

अपूर्णांकाची दुसरी शाळा म्हणजे सातबारा. लहान मुले ७/१२ ला 'सात बारांश' वाचतात. तो अपूर्णांक नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा आहे, हे आधी सांगावे लागते. पण त्या कागदाच्या आत खरे अपूर्णांक भरलेले असतात. महार वतने १९५८ च्या कायद्याने संपली. वतनाची जमीन अनेक घरांत सामाईक राहिली. आम्ही उदाहरण घालतो : सव्वा एकर जमीन, म्हणजे ५० गुंठे. पाच भाऊ. त्यातल्या एका भावाला तीन मुले. तर त्यातल्या एकाचा हिस्सा किती? एक पंचमांशाचा एक तृतीयांश म्हणजे एक पंधरांश. ५० भागिले १५, म्हणजे ३ पूर्णांक १/३ गुंठे. एक गुंठा १०८९ चौरस फूट. म्हणजे ३६३० चौरस फूट. हे गणित सोडवल्यावर एका मोठ्या मुलाने घरचा उतारा आणला आणि आजीला विचारले, "आज्जी, आपला हिस्सा कुणाकडे आहे?" परीक्षेच्या तयारीतून असे प्रश्न निघतात, तेव्हा ती तयारी वाया गेलेली नसते, निकाल काहीही लागो.

आंबेगावच्या पश्चिम भागात हाच धडा वजाबाकीत शिकवता येतो. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. किती गेले, किती मिळाले, हे मोजता येणे तिथे पुस्तकी बाब नाही. हिरडा विकतानाही तेच. ओला हिरडा वाळला की वजन किती टक्के घटले, भाव कशाचा ठरला, काटा कुणाचा, हे ज्या घरातल्या पोरीला मांडता येते त्या घराची फसवणूक अवघड होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पूर्ण संख्या आणि अपूर्णांक यांतला फरक हा आरक्षणाच्या राजकारणाचा गाभा आहे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना फळ्यावर मांडता आला पाहिजे.

नवोदयच्या ८० जागा घ्या. ग्रामीण भागासाठी किमान ७५ टक्के, म्हणजे ६०. अनुसूचित जातीला किमान १५ टक्के, म्हणजे १२. अनुसूचित जमातीला किमान साडेसात टक्के, म्हणजे ६. मुलींना किमान एक तृतीयांश. ८० चा एक तृतीयांश २६ पूर्णांक २/३ येतो. दोन तृतीयांश मुलगी कशी घेणार? मुले हसतात. पण इथेच प्रश्न सुरू होतो : माणसे पूर्ण संख्येत असतात, टक्केवारी अपूर्णांकात. मधला तुकडा कुणाच्या पदरात पडायचा हे नियम ठरवतो, आणि नियम लिहिणारा ठरवतो.

विद्यापीठातल्या तेरा बिंदूंच्या रोस्टरची लढाई आठवा. केंद्रात अनुसूचित जातीला १५ टक्के. १०० भागिले १५ म्हणजे ६.६६, म्हणून सातवे पद. जमातीला साडेसात टक्के. १०० भागिले ७.५ म्हणजे १३.३३; म्हणून चौदावे पद. इतर मागासवर्गाला २७ टक्के. १०० भागिले २७ म्हणजे ३.७०, म्हणून चौथे पद. आता समजा एका विद्यापीठात २०० पदे आहेत. संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरले तर अनुसूचित जातीला ३०, जमातीला १५, ओबीसींना ५४. पण विभाग हे एकक धरले, आणि ४० विभागांत पाच-पाच पदे असली, तर? प्रत्येक विभागात चौथे पद ओबीसींना, म्हणजे ४०. सातवे पद कुठल्याच विभागात नाही, म्हणून पहिल्या फेरीत अनुसूचित जातीला शून्य. चौदावे तर दूरच, जमातीला शून्य. टक्केवारीच्या एकाही आकड्याला हात लावला नाही. फक्त भागाकार कुठे करायचा ते बदलले, आणि ४५ पदे गायब झाली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये विभाग हे एकक धरायला सांगितले, ५ मार्च २०१८ ला यूजीसीने तसे आदेश काढले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, ७ मार्चला अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून संस्था हे एकक पुन्हा आणले. त्या बंदमध्ये आपण घोषणा दिल्या. पण त्या वेळी किती जणांना हा भागाकार गावातल्या माणसाला समजावून सांगता येत होता? हा प्रश्न आम्ही आमच्या मोठ्या गटाला दरवर्षी विचारतो, आणि मग ती मुलेच फळ्यावर तो सोडवतात.

बाबासाहेबांनी आकड्यांकडे असेच पाहिले. १९३२ च्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा होत्या. पुणे करारात १४८ झाल्या. नुसती वजाबाकी केली तर ७७ जागांचा फायदा. पण गेले काय? स्वतंत्र मतदारसंघ आणि दुसरे मत. मोठी संख्या म्हणजे मोठा हक्क नव्हे, हे बाबासाहेबांनी पुढे सविस्तर लिहिले. आणि हेही लक्षात ठेवा : १९०७ च्या मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्के काढा. ३७.६. आजच्या कुठल्याही 'कट ऑफ'ने त्या मुलाला दारातून परत पाठवले असते. सोळा वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच माणसाचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. गुण हे त्या दिवसाचे मोजमाप आहे, माणसाचे नाही. वर्गातल्या मुलांना हे आम्ही निकालाच्या आधीच सांगून ठेवतो.

कारण निकालाचे गणितही क्रूर आहे. अख्ख्या जिल्ह्यातून ८० मुले. आमच्या वर्गातली बहुतेक मुले निवडली जाणार नाहीत हे आम्हाला ठाऊक असते. यावरून काही साथी आम्हाला विचारतात, "मग हा खटाटोप कशाला? थोडक्या मुलांना वर काढून बाकीच्यांना तिथेच ठेवणारी ही चाळणी आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी लढा." आक्षेप खरा आहे. शिक्षणहक्क कायद्यातच साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत. वाडीवरच्या शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन इयत्तांना शिकवतो, आणि वर सरकारी माहिती भरतो. त्यात मूळ संख्येचे खडे कधी मांडणार?

पण शाळेसाठीची लढाई आणि रविवारचा वर्ग यांत निवड करायची गरज नाही. मोर्चाच्या यशाची वाट बघत यंदाचे पाचवीचे मूल थांबू शकत नाही. ते पुढच्या जूनमध्ये सहावीत जाणार आहे. शिवाय नवोदय मिळाले नाही तरी शिकलेले अपूर्णांक परत घेतले जात नाहीत. तेच पुढे आठवीच्या एनएमएमएसला, भरतीला, सातबाऱ्याला लागतात. आणि ज्या पालकांना वर्गात बसून शाळेत काय शिकवले जात नाही ते कळते, तेच शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन प्रश्न विचारतात. आमच्या अनुभवात तरी शाळेसाठी बोलणारे पालक या सतरंजीवरूनच उठले आहेत.

खरी हळहळ वेगळीच आहे. मागे एका वाडीवरच्या मुलीची तयारी उत्तम होती. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला शुल्क नाही. पण त्यासोबत मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. तिच्या शाळेतून 'नेटवर्क नाही, उद्या बघू' असे होत होत मुदत संपली. तिला मूळ संख्या येत होत्या, तिची एकमेव संधी मात्र एका सहीवर अडली. तेव्हापासून अर्ज सुटल्याची बातमी आली की आधी अर्ज, मग अभ्यास, असा आमचा क्रम आहे.

आणखी एक हिशोब आपल्या आपल्यातला. समजा जयंतीची वर्गणी ९६,००० जमली आणि त्यातले ७२,००० साउंड आणि लाइटिंगला गेले. किती टक्के? पंच्याहत्तर. उरलेल्या २४,००० मध्ये भोजन आणि मिरवणूक. अभ्यासिकेला किती? इथे मुलांना शून्याचा दुसरा उपयोग कळतो. एका वस्तीत मोठ्या गटाने असा हिशोब, खऱ्या आकड्यांसह, विहाराच्या फळ्यावर मांडला. कुणाचे नाव लिहिले नाही, कुणावर आरोप केला नाही. दोन दिवस कुरबूर झाली. पुढच्या वर्षी समितीने आपणहून दहा टक्के रक्कम वर्गासाठी बाजूला काढली. भाषणाने जे झाले नव्हते ते शेकडेवारीने झाले.

म्हणून गावोगावच्या साथींना आमचे सांगणे असे आहे.

विहारात रविवारचे दोन तास मुलांसाठी ठरवून टाका. शिक्षक नाही म्हणून अडू नका. भरतीची तयारी करणारा एक मुलगा किंवा मुलगी पाचवीच्या मुलांना शिकवू शकते, आणि शिकवताना तिचाही पाया पक्का होतो.

सुरुवात संख्यांपासूनच करा. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, सम, विषम, मूळ, संयुक्त. एक प्रकार, एक रविवार. घाई करू नका.

उदाहरणे आपल्या गावची घ्या. बाजार समितीची पट्टी, सातबारा, रेशन, बिंदुनामावली, जयंतीची वर्गणी.

वस्तीत, वाडीवर, पाचवीत कोण आहे याची यादी दरवर्षी जूनमध्ये करा. एका कार्यकर्त्याने फक्त अर्ज, दाखले आणि मुदत एवढेच बघावे. आणि यादी आपल्याच वस्तीपुरती ठेवू नका; शेजारच्या ठाकरवाडीतले मूलही त्यात हवे.

आणि मुलींच्या बाबतीत 'एवढ्या लांब वसतिगृहात कशी पाठवू?' असे आईवडील म्हणतील तेव्हा त्यांच्याशी बोलायला गावातल्या शिकलेल्या ताईला, आशाताईला सोबत न्या. पुरुष कार्यकर्त्यांनी एकट्याने जाऊन ते होत नाही.

'शिका' हा आपला पहिला शब्द आहे. त्यात हिशोब शिकणेही येते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मागायचा असेल तर प्रमाण मांडता आले पाहिजे, आणि कुणी भागाकाराची जागा बदलली तर ती त्याच दिवशी पकडता आली पाहिजे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळू नका. फळा आणा, पोरांना बोलवा, आणि पहिला प्रश्न विचारा : शून्य सम की विषम?

जय भीम!